दोन मडकी

मार्गशीर्षातली अमावास्या आली, की लातूर जिल्ह्यातली गावे ओस पडतात. माणसे कुठे दूर गेलेली नसतात, शेतात गेलेली असतात. ही वेळा अमावास्या, बोलीतली येळवस. शिरूर अनंतपाळ, निलंगा, औसा, उदगीर या पट्ट्यात ज्याला शेत नाही त्यालाही कुणी ना कुणी आपल्या शेतात जेवायला बोलावतोच, आणि शाळेतल्या गुरुजींना तर चार-पाच ठिकाणची आमंत्रणे असतात. कडब्याची कोप, तिच्यात पांडव म्हणून मांडलेले दगड, नाना भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे आणि मातीच्या मडक्यातली आंबील. यांपैकी आंबील विज्ञान शिकवणाऱ्याच्या विशेष कामाची आहे. ज्वारीचे पीठ आणि ताक यांपासून ती आदल्या एक-दोन दिवसांत तयार होते. घरातली बाई पीठ कालवते, मडके झाकून ठेवते आणि दुसऱ्या कामाला लागते. पुढचे काम मडक्यात आपोआप होते.

आता दुसरे मडके पाहा. ऋतू तोच, थंडीचा. मांजरा, घरणी यांसारख्या नद्यांच्या आणि ओढ्यांच्या काठी शिंदीची झाडे असत, काही ठिकाणी अजूनही आहेत. शेंड्याखाली चीर दिलेल्या झाडाला संध्याकाळी एक मडके अडकवायचे आणि सकाळी उतरवायचे. रात्रभर त्यात रस ठिबकतो, आणि उतरवण्याच्या आतच तो आंबू लागलेला असतो. इथेही पुढचे काम आपोआपच होते.

दोन्ही मडक्यांत माणसाने मुद्दाम विरजण असे काही विकत आणून घातलेले नाही. दोन्हींत सूक्ष्मजीव आपले काम करतात. तरीही पहिल्या मडक्याला कधी कुणी परवाना मागितला नाही, आणि दुसऱ्या मडक्यासाठी कायदे झाले, लिलाव झाले, आणि १९४७ साली मराठवाड्यात झाडांवर कुऱ्हाडी चालल्या. एकाच क्रियेची ही दोन नशिबे कशी झाली? या लेखात तो इतिहास पाहायचा आहे. त्यासाठी आधी मडक्यांत काय चालते ते समजून घेऊ.

मडक्यातले रसायनशास्त्र

आंबील, आंबट, आंबणे हे शब्द अम्ल या एकाच शब्दाच्या घरातले आहेत. आपल्या भाषेने या क्रियेतली आंबट चव पकडली. आंबिलीच्या बाबतीत ते अगदी बरोबर आहे. ज्वारीच्या पिठात मुख्यतः स्टार्च असतो, मोकळी साखर फार थोडी. ताकातून आलेले लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू संख्येने प्रचंड असतात. ते ही थोडी साखर वापरून आम्ल बनवतात, मिश्रणाचा सामू खाली येतो आणि इतर जंतूंना तिथे वाढणे कठीण होते. म्हणून आंबील आंबट होते, टिकते आणि पचायला हलकी लागते. तिने नशा चढत नाही.

शिंदीच्या रसाचे तसे नाही. शिंदी म्हणजे रानटी खजुरी. तिचे शास्त्रीय नाव फिनिक्स सिल्व्हेस्ट्रिस. ताडाचा रस फुलोरा कापून काढतात, शिंदीचा मात्र शेंड्याखालचे कोवळे खोड तासून काढतात. ताज्या रसात शेकडा १० ते १२ भाग साखर असते आणि तीही बहुतांशी उसात असते तीच. शिवाय हा रस आंबट नसतो. त्याचा सामू ७ च्या आसपास, म्हणजे उदासीन असतो. भरपूर साखर, पाणी, थोडे नत्रयुक्त पदार्थ आणि कसलाही आंबटपणा नाही. सूक्ष्मजीवांना याहून चांगले घर कुठले मिळणार? झाडाच्या चिरेवर, मडक्याच्या आतल्या बाजूला, माश्यांच्या पायांवर ते आधीच हजर असतात. यीस्ट, लॅक्टिक जिवाणू आणि इतर अनेक एकदमच कामाला लागतात. साखरेचे अल्कोहोल होते, कार्बन डायऑक्साइड फसफसत बाहेर पडतो. हा रस एक दिवस ठेवला तर त्यात शेकडा चार-पाच भाग अल्कोहोल तयार होऊ शकते. तसाच पुढे ठेवला तर हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने दुसरे जिवाणू त्याच अल्कोहोलचे व्हिनेगर करून टाकतात. म्हणजे पहाटेचे गोड पेय, दुपारची शिंदी आणि दोन-तीन दिवसांनंतरचे आंबट पाणी हे तीन पदार्थ एकाच रसाच्या तीन अवस्था आहेत.

हिशेब मांडायचा तर १८० ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. नववी-दहावीच्या मुलांना रेणुभारावरून हे गणित सहज करता येईल. फ्रान्समध्ये गे-ल्युसॅक याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हा हिशेब मांडला होता. तेव्हा साखर जाते कुठे हे कळले होते, ती नेतो कोण हे मात्र कळलेले नव्हते.

नेतो कोण?

१८३७ च्या सुमारास फ्रान्समध्ये कान्यार-लातूर आणि जर्मनीत श्वान यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहून सांगितले, की आंबणाऱ्या द्रवात दिसणारे यीस्टचे कण सजीव आहेत आणि ते वाढतात. (कान्यार-लातूर या नावाचा आपल्या लातूरशी काही संबंध नाही, पण मुलांना ते नाव कायमचे लक्षात राहील!) जर्मनीतला थोर रसायनशास्त्रज्ञ लीबिग याला हे पटले नाही. आंबणे ही कुजणाऱ्या पदार्थामुळे होणारी निव्वळ रासायनिक क्रिया आहे, असे त्याचे म्हणणे होते. लुई पाश्चर याने १८५७ पासूनच्या आपल्या प्रयोगांतून दाखवले, की प्रत्येक तऱ्हेच्या आंबण्यामागे विशिष्ट सूक्ष्मजीव असतो. लॅक्टिक आम्ल करणारा वेगळा, अल्कोहोल करणारा वेगळा, व्हिनेगर करणारा वेगळा. पुढे १८९७ मध्ये ब्यूखनर याने यीस्ट चिरडून काढलेल्या, पेशीविरहित रसानेही साखरेचे अल्कोहोल होते हे दाखवले, तेव्हा लीबिगच्या म्हणण्यातही काही तथ्य होते असे ठरले. सूक्ष्मजीव हवेत हे खरे, पण त्यांच्यातली विकरेच हे काम करतात.

या सगळ्या संशोधनाला खतपाणी घातले ते युरोपातल्या दारूच्या धंद्याने. तिथे द्राक्षांची वाइन होती, जवाची बिअर होती, आणि इंग्लंडच्या पश्चिम भागात व फ्रान्सच्या नॉर्मंडीत सफरचंदाची सायडर होती. सायडर आपल्या शिंदीची जवळची बहीण म्हणता येईल. शेतकरी घरच्याच बागेतली सफरचंदे ठेचून, दाबून रस काढी, पिंपात भरी आणि थंड तळघरात ठेवून देई. यीस्ट घालायची गरज नसे. ते फळांवर, दाबयंत्राच्या लाकडावर आणि पिंपात असेच. मात्र सफरचंदाचा रस आंबट असतो, सामू साधारण साडेतीनच्या आसपास, आणि हवा थंड. म्हणून शिंदीचे जे काम एका रात्रीत होते त्याला सायडरच्या पिंपात कित्येक आठवडे, कधी महिनेही लागत.

कधीकधी मात्र ही सायडर बिघडे. ती एकाएकी जोराने फसफसू लागे, गढूळ होई आणि तिला विचित्र वास येई. शेतकरी म्हणत, सायडर आजारी पडली. ब्रिस्टलजवळ लाँग अ‍ॅश्टन येथे १९०३ साली खास फळे आणि सायडर यांच्या अभ्यासासाठी एक संस्था स्थापन झाली होती. तिथल्या बार्कर आणि हिलियर यांनी १९१२ मध्ये या आजाराला कारण असलेल्या जिवाणूचे वर्णन केले. आंबटपणा कमी असलेल्या सायडरलाच हा आजार जडतो, हेही पुढे स्पष्ट झाले. १९२० च्या दशकात लिंडनर या जर्मन शास्त्रज्ञाला मेक्सिकोत घायपाताच्या जातीच्या झाडांच्या आंबलेल्या रसात असाच जिवाणू सापडला. आज त्याला झायमोमोनास मोबिलिस म्हणतात. ताडी-शिंदीसारख्या रसांमध्ये तो जगभर आढळतो.

हा जिवाणू यीस्टसारखेच अल्कोहोल बनवतो, पण वेगळ्या मार्गाने. एका ग्लुकोज रेणूपासून यीस्टला ऊर्जेची दोन नाणी मिळतात, तर याला एकच. तेवढीच ऊर्जा मिळवायला याला दुप्पट साखर खर्च करावी लागते, म्हणून तो साखर झपाट्याने संपवतो. शिंदीचा उदासीन रस हे त्याचे आवडते घर. इंग्लंडच्या तळघरात ज्याला आजार म्हणत, तो आपल्याकडच्या मडक्यातला नेहमीचा पाहुणा आहे. एकाच जिवाणूला एका ठिकाणी रोग आणि दुसऱ्या ठिकाणी कामकरी ठरवणारा माणूसच असतो, हे इथे लक्षात ठेवू. आता आपण इतिहासाकडे वळू, तिथेही असेच काही दिसेल.

घरात शिरणारा अंमलदार

घरच्या घरी आपोआप होणाऱ्या वस्तूवर सरकारने कर कसा बसवायचा? मीठ, साखर, कापड यांवर कर बसवणे सोपे, कारण ती एका ठिकाणी तयार होऊन बाजारात येतात. सायडर मात्र हजारो शेतकऱ्यांच्या तळघरांत होत होती. १७६३ साली इंग्लंडमध्ये लॉर्ड ब्यूटच्या सरकारने सायडर करणाऱ्यावरच पिंपामागे ४ शिलिंग कर बसवला. नुकत्याच संपलेल्या युद्धाचे कर्ज फेडायचे होते. कर वसूल करायचा तर अबकारी अंमलदाराला लोकांच्या घरात शिरून पिंपे मोजण्याचा अधिकार द्यावा लागला. सफरचंदाच्या मुलखात एवढा असंतोष माजला, की ब्यूटचे सरकार बदनाम झाले आणि तीन वर्षांत, १७६६ मध्ये, तो कर मागे घ्यावा लागला. तिथल्या शेतकऱ्यांना पार्लमेंटमध्ये बोलणारी माणसे होती.

आपल्याकडे हीच अडचण इंग्रज सरकारपुढे उभी राहिली, पण मार्ग वेगळा निघाला. मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडा-माडाचे झाड छेदायलाच परवाना लागू झाला आणि झाडामागे कर बसला. रस कुणाच्या घरात आंबतो हे पाहत बसण्यापेक्षा झाडच मोजणे सोपे. झाड उंच असते, लांबून दिसते, आणि त्याला लपवता येत नाही. मोहाच्या बाबतीत सरकार याहूनही पुढे गेले. मोहाची फुले वाळवून ठेवता येतात आणि पाण्यात भिजवली की आंबू लागतात. म्हणून १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले गोळा करण्यावर, साठवण्यावर आणि विकण्यावरच निर्बंध आले. आदिवासींच्या पडत्या काळातले ते खाणेही होते, याचा विचार झाला नाही.

मराठवाडा त्या वेळी इंग्रजी मुलखात नव्हता, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आज लातूर जिल्ह्यात असलेले निलंगा, उदगीर, अहमदपूर हे भाग १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, आणि शिरूर अनंतपाळचा परिसरही त्यातच. संस्थानचा अबकारी कायदा १३१६ फसलीचा. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे हा कायदा १९०६-०७ चा. शिंदीच्या झाडांपासून रस काढण्याचा आणि तो विकण्याचा हक्क सरकार लिलावाने देई. या मक्त्याला गुत्ता म्हणत आणि तो घेणारा गुत्तेदार. आजही आपल्या भागात रस्त्याचे, इमारतीचे काम घेणाऱ्याला आपण गुत्तेदारच म्हणतो, तो शब्द त्या राजवटीची आठवण आहे. गुत्तेदाराला लिलावाची रक्कम आधी भरायची असे, मग ती आणि तिच्यावरचा नफा शिंदीखान्यात बसणाऱ्यांकडून वसूल करायचा. म्हणजे जितके लोक जास्त पितील तितके त्याच्या आणि सरकारच्या फायद्याचे. अबकारी ही संस्थानच्या उत्पन्नाच्या मोठ्या बाबींपैकी एक होती.

या व्यवस्थेत शेतकऱ्याच्या बांधावर उगवलेले झाडही त्याच्या मर्जीने वापरता येईना. झाडावर चढणारा माणूस मजूर झाला, पिणारा गिऱ्हाईक झाला, आणि मडक्यात आपोआप होणारी क्रिया खजिन्याचा झरा झाली. झाडाला, रसाला किंवा जिवाणूला यातले काहीच ठाऊक नव्हते.

कुऱ्हाड

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, पण निजामाने भारतात सामील व्हायला नकार दिला. हैदराबाद स्टेट काँग्रेसने त्याआधीच, ७ ऑगस्टला, भारतात विलीन होण्याच्या मागणीचा दिवस पाळून लढा सुरू केला होता. लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ हे मूळचे शिक्षक. हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात त्यांनी काम केले होते. त्यांना अटक झाली, पण कार्यकर्त्यांनी संस्थानच्या सीमेबाहेर शिबिरे उभारून लढा चालू ठेवला. विद्यार्थ्यांनी शाळा-कॉलेजे सोडली, वकिलांनी कोर्टे सोडली. सरकारचे उत्पन्न तोडायचे, हा या लढ्याचा एक मुख्य भाग होता. त्यासाठी धान्याची लेव्ही द्यायची नाही, करोडगिरीचे म्हणजे जकातीचे नाके मोडायचे, जंगल सत्याग्रह करायचा आणि शिंदीची झाडे तोडायची, असा कार्यक्रम होता. मराठवाड्यात ठिकठिकाणी हे घडले. ओढ्याकाठची शिंदीची बने रातोरात आडवी झाली.

ही कल्पना अगदी नवी नव्हती. १९३० मध्ये मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी गांधीजींनी सुरत जिल्ह्यात ताडी-शिंदीची झाडे तोडण्याचे आवाहन केले होते. मीठ आणि शिंदी या दोन्ही निसर्गाने दिलेल्या वस्तू आणि दोन्हींवर सरकारचा हक्क. पण मिठाच्या बाबतीत सत्याग्रही म्हणाले, आम्ही ते स्वतः करू. शिंदीच्या बाबतीत ते म्हणाले, आम्ही तिचे झाडच ठेवणार नाही. फरक का झाला, हे उघड आहे. मीठ सर्वांना लागते. शिंदीने मजुरी बुडत होती, घरे बसत होती, आणि त्याची झळ आधी बायकांना आणि मुलांना लागत होती. सरकारचे उत्पन्न आणि गरिबाच्या घरातली ओढाताण या दोन गोष्टी एकाच मडक्याशी जोडलेल्या होत्या. म्हणून झाडावर घातलेला एक घाव दोन्हींवर पडेल, असे कार्यकर्त्यांना वाटले.

आज हा प्रसंग शिकवताना आपल्याला थोडे थबकावे लागते. एका बाजूला आपण मुलांना वृक्षारोपण करायला सांगतो आणि दुसऱ्या बाजूला झाडे तोडणाऱ्यांचा गौरव करतो, असा प्रश्न एखादा चुणचुणीत मुलगा विचारेल, आणि विचारावाच. त्याला उत्तर देताना त्या काळातली परिस्थिती सांगावी, पण झालेला तोटाही झाकू नये. शिंदीच्या पात्यांपासून केरसुण्या होतात, दिवाळीत लक्ष्मीपूजनाला आपण तीच केरसुणी मांडतो. चटया होतात, शिंदोळ्या मुले खातात, आणि ओढ्यावर झुकलेल्या शिंदीला सुगरणीचे खोपे लटकतात. शिवाय झाडावर चढणारी, पाती तासणारी, चटया-केरसुण्या विणणारी कुटुंबे त्यावर जगत होती. निजामाचा खजिना, गुत्तेदाराचा नफा आणि या माणसांची भाकरी ही तिन्ही एकाच झाडाला टांगलेली होती. कुऱ्हाडीला ती वेगळी करता आली नाहीत.

सप्टेंबर १९४८ मध्ये, १३ ते १७ तारखेच्या दरम्यान झालेल्या लष्करी कारवाईनंतर हैदराबाद भारतात आले. १७ सप्टेंबर हा दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून शाळेत साजरा करतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला.

चुन्याचा हात

झाड न तोडता आंबणे थांबवता येईल का, याचाही विचार त्याच काळात चालू होता. डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे मुख्य कार्यकर्ते. ताड-शिंदीच्या गोड रसापासून, म्हणजे नीरेपासून, गूळ करायचा हा त्यांच्या कामाचा एक भाग होता. गजानन नाईक यांनी पुढे अनेक वर्षे या ताडगुळाच्या कामाला वाहून घेतले.

नीरा आणि शिंदी यांत फरक असतो तो मडक्याच्या आतल्या चुन्याचा. मडके धुऊन, धुरी देऊन किंवा तापवून घ्यायचे, आतून ओल्या चुन्याचा हात द्यायचा आणि मग झाडाला लावायचे. चुन्यामुळे रसाचा सामू बराच वर जातो. यीस्टला आणि जिवाणूंना तिथे वाढता येत नाही. पहाटेच, थंडी असताना रस उतरवायचा आणि लगेच गाळायचा, उकळायचा किंवा थंड ठेवायचा. आंबील स्वतःच्या आम्लाने टिकते, नीरा चुन्याच्या अल्कलीने टिकते. आणि यांच्या मधल्या, उदासीन जागेत शिंदी होते. सामूची पट्टी शिकवायला याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यातही नीरेची ओळख अशीच झाली आहे. आंबू नये म्हणून प्रक्रिया केलेल्या भांड्यात काढलेला, न आंबलेला रस तो नीरा. म्हणजे कायद्याला शेवटी मडक्याच्या आत डोकावून पाहावेच लागले. मुंबई-पुण्याच्या लोकांना सकाळच्या वेळी नीरा केंद्रावर मिळणारा गार पेला ओळखीचा आहे, तो या कामाचाच वारसा.

दुसरीकडे एक दुःखाची गोष्ट घडली. झाडे कमी झाली, पिणाऱ्यांची मागणी मात्र राहिली. तेलंगणात आणि त्याला लागून असलेल्या आपल्या भागांत शिंदी म्हणून जे विकले जाते, त्यात क्लोरल हायड्रेट मिसळल्याची प्रकरणे पुन्हा पुन्हा उघडकीला आली आहेत. हे गुंगी आणणारे रसायन आहे. रोज पिणाऱ्याला त्याची सवय लागते, आणि एकाएकी बंद केले तर झटके येणे, भ्रम होणे असे त्रास होतात. ज्या लीबिगने आंबण्यात जिवंत काही नसते असे म्हटले होते, त्यानेच १८३२ मध्ये क्लोरल प्रथम तयार केले होते. जिथे ना झाड आहे, ना रस, ना सूक्ष्मजीव, अशा या पेयाला शिंदी म्हणणे म्हणजे नुसते नाव शिल्लक राहणे होय. १९४७ साली ज्या घरांसाठी झाडे तोडली, तीच घरे आज त्याहून वाईट वस्तूला तोंड देत आहेत. झाड गेले म्हणून व्यसन गेले नाही. व्यसनामागे गरिबी, कष्ट आणि विकणाऱ्याचा नफा असतो, आणि तो प्रश्न कुऱ्हाडीने सुटत नाही.

वर्गात काय करता येईल?

दारू तयार करण्याचा प्रयोग शाळेत करू नये, हे सांगायला नकोच. पण तत्त्व दाखवता येते. बेकरीत मिळणारे यीस्ट कोमट साखरपाण्यात घालून तीन बाटल्या भरा. एकीला तशीच ठेवा, दुसरीत चुन्याची निवळी घाला, तिसरी गार पाण्याच्या बादलीत ठेवा. तोंडाला बूच न लावता फुगे बसवा. पहिला फुगा लवकर फुगेल, तिसरा सावकाश, दुसरा फुगणार नाही. इथे मुलांना एक प्रश्न विचारा. चुन्याची निवळी कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, हे आपण शिकलो आहोत. मग दुसरा फुगा फुगला नाही तो यीस्ट थांबले म्हणून, की वायू शोषला गेला म्हणून? हे ठरवायला कोणता प्रयोग करावा लागेल? उत्तर सांगण्याची घाई करू नका. प्रयोग झाल्यावर बाटल्यांतला द्रव कुणीही चाखू नये, तो ओतून द्यावा.

दुसरे काम ओढ्याकाठी जाऊन करायचे. वर्षानुवर्षे रस काढलेल्या शिंदीच्या खोडावर आलटून पालटून दोन बाजूंना खाचा दिसतात आणि खोड नागमोडी होते, कारण एका वर्षी एका बाजूने चीर देतात आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूने. खाचा मोजल्या की त्या झाडाने किती हंगाम रस दिला ते कळते. असे जुने झाड सापडले, तर ते तुमच्या गावाच्या इतिहासाचे एक पानच आहे.

तिसरे काम घाईचे आहे. १९४७ साली जी मुले आठ-दहा वर्षांची होती, ती माणसे आज नव्वदीच्या आसपास आहेत. गावात शिंदीचे बन कुठे होते, शिंदीखाना कुठे होता, गुत्ता कोण घेई, झाडे तोडली तेव्हा काय झाले, झाडावर चढणाऱ्या कुटुंबांनी पुढे काय केले, हे त्यांना विचारून मुलांनी वहीत लिहून घ्यावे. तोडणाऱ्यांच्या घरी जसे जावे, तसे चढणाऱ्यांच्या घरीही जावे.

आणि येळवशीला कुणाच्या तरी शेतात आंबिलीचा पेला हातात येईल, तेव्हा मुलांना विचारावे, हे कुणी केले? मुले घरातल्या बाईचे नाव सांगतील, आणि ते बरोबरच आहे. मग मडक्यातल्या दुसऱ्या कामकऱ्यांबद्दल सांगावे, आणि त्यांच्याच भाईबंदांवर एके काळी एका राज्याचा खजिना कसा भरत होता, तेही.